खाणीच्या आम्लजलातील साका : टाकाऊ की उपयुक्त?

‘गाळ’ आणि ‘साका’ या दोन्ही शब्दांना व्यवहारात टाकाऊपणाची छटा चिकटलेली आहे. ती वस्तूच्या अंगची नसून पाहण्याच्या रीतीची असते, हे दाखविणारे एक उदाहरण येथे मांडावयाचे आहे.

कोळशाच्या खाणीत पायराइट हे लोह व गंधक यांचे खनिज आढळते. ते उघडे पडले, की हवा व पाणी यांच्या योगाने त्यापासून गंधकाम्ल आणि विरघळलेले लोह निर्माण होते. असे पाणी ओढ्यात उतरले, की तळाशी तांबूस-पिवळा थर बसतो व जलचर नाहीसे होतात. अमेरिकेत १९७७ च्या कायद्यापूर्वी सोडून दिलेल्या कित्येक खाणींना आज धनी उरलेला नाही. पाणी मात्र वाहतच आहे.

चुन्याने आम्लता घालविणे हा यावरील रूढ उपाय होय. परंतु त्यातून मिळणाऱ्या साक्यात पाणी फार असते. शिवाय लोहाबरोबर जिप्सम, ॲल्युमिनियम इत्यादी पदार्थ मिसळलेले असतात. तो टाकण्याचा खर्च कधीच संपत नाही.

ओहायओ विद्यापीठातील अभियंते गाय रीफलर व चित्रकार जॉन सॅब्रॉ यांनी संडे क्रीक ओढ्याच्या परिसरात निराळी दिशा धरली. पाण्यातील लोह शक्य तितके शुद्ध रूपात खाली बसविले, तर पिवळसर रंगद्रव्य मिळते. ते भट्टीत तापविले, की त्यातील बद्ध पाणी निघून जाते व तांबडे हेमॅटाइट तयार होते. आपला गेरू तरी दुसरे काय आहे? या रंगद्रव्यापासून केलेले चित्रकारांचे तैलरंग बाजारातही आले.

येथे गमक आहे ते क्रमाचे. आम्लता टप्प्याटप्प्याने कमी केली, तर फेरिक लोह आधी, सुमारे ३.५ पीएचला, व ॲल्युमिनियम नंतर, ५ च्या आसपास, वेगळे होते. विरल मृत्तिका मूलद्रव्ये बहुतांशी त्याहून वरच्या पीएचला खाली बसतात. ती मिळविण्याचे प्रयत्न वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात झाले आहेत. सर्व एकदम खाली बसविले, तर हाती उरतो तो केवळ गाळ.

अर्थात प्रत्येक खाणीचे पाणी निराळे असते. त्यात आर्सेनिकासारखी विषारी द्रव्ये असल्यास साका वापरण्यापूर्वी कसून परीक्षा करावी लागते. विक्रीतून सर्व खर्च निघेलच, असेही नाही. तथापि ज्या ओढ्याचा कोणी वाली नाही, त्याच्या शुद्धीकरणाला त्याच्याच साक्याने थोडाफार हातभार लावावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.