अल्पदृष्टी, दुर्बिणीचा चष्मा आणि गाडीचा परवाना

चष्मा, औषध, शस्त्रक्रिया असे सगळे उपाय करूनही जी नजर पुरेशी सुधारत नाही, पण रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडेल इतकी शिल्लक राहते, तिला अल्पदृष्टी किंवा लो व्हिजन म्हणतात. अल्बिनिझम, डोळे सतत हलत राहण्याचा जन्मजात विकार, स्टारगार्टसारखा आनुवंशिक आजार आणि उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची होणारी झीज ही तिची नेहमीची कारणे. अशा माणसाला समोरचा रस्ता, वळण, वाहने, पायी चालणारी माणसे दिसतात. अडते ते दूरच्या पाटीवरची अक्षरे वाचताना. भारताच्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या आहे. योग्य चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ किंवा त्याहून कमी, ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. ६/१८ म्हणजे निरोगी डोळा जे १८ मीटरवरून वाचतो, ते वाचायला या माणसाला ६ मीटरवर यावे लागते.

या माणसांच्या हाती गाडी द्यावी का, हा प्रश्न कायद्याने सर्वांत तपशिलात हाताळला तो अमेरिकेत. त्याचे कारण तिथल्या जगण्यात आहे. मोठी शहरे सोडली तर किराणा, नोकरी, शाळा, दवाखाना यांपैकी कुठेही गाडीशिवाय पोचता येत नाही. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने ज्यांना बस वापरता येत नाही त्यांच्यासाठी घरापर्यंत येणारी पर्यायी वाहनसेवा सक्तीची केली, पण ती ठरलेल्या बसमार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यापुरती. ज्या गावात बसच नाही, तिथे या हक्काला अर्थ उरत नाही. गावाकडच्या अल्पदृष्टीच्या माणसाला परवाना नाकारणे म्हणजे बहुतेक वेळा त्याची नोकरी नाकारणे होय.

तिथल्या जवळजवळ सर्व राज्यांत विनाअट परवान्यासाठी २०/४० नजर लागते. हे माप फुटांत आहे. मीटरच्या हिशेबात ते ६/१२ होते. ही रेघ ओलांडता न येणाऱ्यांसाठी जे साधन पुढे आले, ते बायोप्टिक. न्यूयॉर्कचे ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्मा देणारे तज्ज्ञ) विल्यम फाइनब्लूम यांनी १९३० च्या दशकात दुर्बिणीचे चष्मे बनवायला सुरुवात केली होती. वाहन चालवण्यासाठी त्यांचा वापर करता येईल, हे १९७० मध्ये मॅसेच्युसेट्सच्या डोनाल्ड कॉर्ब यांनी एका व्यावसायिक नियतकालिकात मांडले.

बायोप्टिकमध्ये चष्म्याच्या काचेच्या वरच्या भागात एक छोटी दुर्बीण बसवलेली असते. चालक बहुतेक सगळा वेळ खालच्या साध्या काचेतून रस्ता पाहतो. सिग्नलचा रंग, फलकावरचे नाव किंवा दूरवरची संशयास्पद हालचाल तपासायची झाली, की तो हनुवटी किंचित खाली घेतो, क्षणभर दुर्बिणीतून पाहतो आणि नजर पुन्हा साध्या काचेवर आणतो. गाडीच्या आरशात आपण जशी ओझरती नजर टाकतो, तसेच हे. दुर्बिणीतून पाहत गाडी हाकली जाते, ही समजूत चुकीची आहे, आणि बायोप्टिकला मान्यता देणाऱ्या कायद्यांना झालेल्या विरोधाचा बराचसा भाग याच समजुतीवर उभा होता.

एक आक्षेप मात्र खरा आहे. दुर्बीण प्रतिमा मोठी करते, त्यामुळे तिच्या कडेचा काही भाग झाकला जातो आणि नजरेत कड्यासारखी आंधळी पट्टी तयार होते. दुर्बीण एकाच डोळ्यावर असेल, तर ती पट्टी दुसरा डोळा काही प्रमाणात भरून काढतो. पण हे आपोआप जमत नाही; त्यासाठी सराव लागतो. म्हणूनच चांगले कायदे चष्म्यापेक्षा प्रशिक्षणावर अधिक भर देतात.

पेनसिल्व्हेनिया हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे अनेक वर्षे दृष्टीची अट पूर्ण करण्यासाठी बायोप्टिक धरले जात नव्हते, शेजारच्या राज्यांत धरले जात असतानाही. २०२० मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि सप्टेंबर २०२१ पासून तो अंमलात आला. त्यात क्रम नीट ठरवला आहे: आधी चालकाशेजारच्या आसनावर बसून दुर्बिणीतून पाहण्याचा सराव, मग प्रशिक्षकासोबत स्टिअरिंगवर बसणे, आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा. वेस्ट व्हर्जिनियाने २००८ मध्ये कायदा केला, पण त्याआधी १९८० च्या दशकापासून तिथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे काम चालू होते. कॅलिफोर्नियाने खालची मर्यादा घातली आहे: बायोप्टिक न लावता निदान एका डोळ्याची नजर २०/२०० पेक्षा चांगली असलीच पाहिजे. अनेक राज्ये सुरुवातीला केवळ दिवसाउजेडी चालवण्याचा परवाना देतात. राज्याची सीमा ओलांडताच नियम बदलतात, ही या व्यवस्थेची मोठी त्रुटी आहे. माणसाची नजर काही सीमेवर बदलत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न टाळता येणार नाही. अभ्यास थोडे आहेत आणि त्यांतले चालकही मोजके. तरी ओहायोतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो: बायोप्टिक वापरणाऱ्यांच्या अपघातांचा संबंध आधीच्या वाहनचालनाच्या अनुभवाशी दिसला, नजरेच्या आकड्याशी नाही. तक्त्यावरची ओळ वाचता येणे आणि रस्ता वाचता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आकड्यावर थांबणारा कायदा सोपा असतो; माणसाची परीक्षा घेणारा कायदा खर्चिक, पण न्याय्य असतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशाने ठरावीक दृष्टीपेक्षा कमी नजर असलेल्यांचा अपवाद म्हणून विचार करण्यास वाव दिला, आणि नेदरलँड्सने बायोप्टिक चालकांना मार्ग मोकळा केला.

परवान्याच्या आधीची पायरी आहे डोळे तपासले जाण्याची, आणि तिचाही कायद्याशी निकटचा संबंध आहे. अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट हा शस्त्रक्रिया करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाहून वेगळा व्यावसायिक. लहान गावांत बहुधा तोच उपलब्ध असतो, आणि अल्पदृष्टीची साधने जुळवून देण्याचे कामही बव्हंशी तोच करतो. त्याला काय करू द्यायचे, हे प्रत्येक राज्य ठरवते. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घालण्याची परवानगी प्रथम ऱ्होड आयलंडने १९७१ मध्ये दिली, उपचाराची औषधे देण्याची वेस्ट व्हर्जिनियाने १९७६ मध्ये. काचबिंदूवर उपचार करू देणारे शेवटचे राज्य मॅसेच्युसेट्स. तिथे तो कायदा जानेवारी २०२१ मध्ये झाला. तोवर निदान करूनही त्याला रुग्ण पुढे पाठवावा लागत असे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे लक्षात घेतले की या दिरंगाईची किंमत कळते. लेझर आणि लहान शस्त्रक्रियांबाबत मात्र नेत्रतज्ज्ञांचा विरोध आजही तीव्र आहे, आणि प्रशिक्षणाच्या कालावधीविषयीचा त्यांचा मुद्दा हलक्यात घेण्यासारखा नाही.

पैशांची अडचण यापेक्षा मोठी आहे. ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना मेडिकेअर, जास्त धोका असलेल्यांची काचबिंदू तपासणी २००२ पासून भरून देते. पण चष्म्यांना तिच्यात बंदी आहे. अपवाद मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा. भिंग असलेली अल्पदृष्टीची साधनेही याच बंदीत मोडतात, असे २००८ मध्ये स्पष्ट करण्यात आले. एकीकडे राज्य बायोप्टिक लावून गाडी चालवायला परवानगी देते, दुसरीकडे केंद्र त्या बायोप्टिकचा खर्च उचलत नाही. हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्यासाठी नवे संशोधन लागत नाही, कायद्यातील एक तरतूद बदलावी लागते.

भारतात वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रात, चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, २५ मीटरवरून मोटारीच्या नंबरप्लेटवरचा क्रमांक वाचता येतो का, असे विचारले जाते. २०२० मध्ये सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांना परवाना देण्याची तरतूद झाली. वैद्यकीय आधार असेल तर नियम बदलू शकतात, हे त्यातून दिसते. इथल्या रुग्णासाठी त्याआधीची गरज वेगळी आहे. ‘आता चष्म्याने काही होणार नाही’ असे ऐकले, की बहुतेक जण तपासणीच बंद करतात. त्याच वेळी डॉक्टरांना लो व्हिजन तपासणीविषयी विचारावे. वाचन, शिक्षण आणि नोकरी टिकवून ठेवणारी साधने तिथूनच मिळतात.