बुडालेल्या शेताचा एका हंगामाचा परवाना

भुसावळच्या वरच्या अंगाला, तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात, दरवर्षी जमीन पाण्यातून वर येते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. पावसाळा सरता सरता धरण २१४ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलेलं असतं. पुढे रब्बीची आवर्तनं सुटतात. शहरं, कारखाने, दीपनगरचं वीज केंद्र यांची तहान भागवता भागवता पाणी मागे सरकतं. आधी काठ उघडे पडतात, मग पात्राच्या मधोमध बेटं दिसू लागतात. या जमिनीला सरकारदरबारी आणि गावातही एकच नाव आहे : गाळपेर.

निन्टेन्डो कंपनीचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ हा बेटावरच्या जगण्याचा खेळ २०२० साली आला आणि जगभर खेळला गेला. त्यात नदीचं वळण बदलायचं तर एक परवाना लागतो, कडा फोडायचा तर दुसरा. बेट नवं, पण वाट्टेल ते करायची मुभा नाही, ही त्यातली गंमत मुलांना चटकन कळते. आपल्या तापीकाठी हीच गोष्ट खऱ्या मातीत घडते, आणि तिचे नियम खेळातल्या नियमांपेक्षा कितीतरी जुने आहेत.

नदीनं आणून टाकलेली जमीन कोणाची, हा प्रश्न रोमन कायद्यानंही सोडवला होता. इसवी सन ५३३ मधल्या जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या कायदाग्रंथात म्हटलं आहे, की काठाला हळूहळू चिकटत गेलेली माती काठच्या मालकाची. पात्राच्या ऐन मध्यावर बेट झालं, तर ते दोन्ही काठच्या मालकांत वाटायचं. बंगालमध्ये गंगा-ब्रह्मपुत्रेच्या चरांवरून, म्हणजे गाळाच्या बेटांवरून, इतके तंटे होत, की इंग्रजांना १८२५ मध्ये खास त्यासाठी कायदा करावा लागला. महाराष्ट्रात १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २० नं नद्या, नाले आणि तलावांचे तळ सरकारचे ठरवले आहेत. मळईच्या जमिनीबाबत काठच्या खातेदाराचाही विचार संहितेत आहे.

धरणातली गोष्ट मात्र निराळी. इथला तळ मुळात शेतकऱ्याचा होता. तो संपादित झाला, मोबदला ठरला, सातबारावरचं नाव बदललं. उन्हाळ्यात तेच शेत उघडं पडलं, बांधाच्या खुणाही दिसल्या, तरी ते परत मालकीचं होत नाही. पाणी कुठे आहे यावर हक्क ठरत नसतो. संपादनाची रेषा कुठून गेली यावर ठरतो. त्या रेषेच्या आतली कोरडी जमीनही सरकारचीच.

पण नियमात एक फार माणुसकीची तरतूद आहे, आणि तिचं मला मनापासून अप्रूप वाटतं. गाळपेर जमीन एका हंगामासाठी कसायला देताना पहिला मान त्याच प्रकल्पात जमीन गेलेल्याला. त्यानंतर इतरांचा क्रम. परवाना हंगामापुरता असतो. कायमचं बांधकाम करता येत नाही आणि मालकीचा दावाही सांगता येत नाही. २०१८-१९ च्या दुष्काळात तर सरकारनं चारा पिकवण्यासाठी अशा जमिनी नाममात्र एक रुपया भाड्यानं द्यायचं ठरवलं होतं.

या मातीचा कस ही पूर्णेची देणगी. पूर्णा विदर्भाच्या काळ्या रानातून वाहत येते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तो संगम हतनूरच्या फुगवट्यातच आहे. तिनं आणलेला चिकण गाळ संथ पाण्यात थरावर थर बसतो. पाणी ओसरल्यावर वरचा पापुद्रा वाळून त्याला भेगा पडतात. बोट आत घातलं तर खाली गार ओल लागते. त्या ओलीवर हरभरा किंवा दादर ज्वारी नुसती टाकली तरी उगवून येते. ओल उतरायच्या आत पेरायचं, हे एवढं साधलं की झालं.

हाच गाळ धरणाला मात्र जड जातो. १९८२ साली पूर्ण झालेल्या हतनूरची मूळ साठवण ३८८ दशलक्ष घनमीटर होती. गाळानं तिच्यातला मोठा हिस्सा खाल्ला आहे. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला ४१ दरवाजांतून गढूळ पाणी पुढे सोडतात आणि साठा नंतर करतात. साठवण घटते तशी उघडी पडणारी जमीन वाढते. मधल्या बेटांवर आणखी एक हक्कदार येतो : नदी सुरय. हा पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूवरच अंडी घालतो. वरणगावची चातक संस्था इथल्या पक्ष्यांसाठी वर्षानुवर्षं झटते आहे. काठ कसावेत आणि बेटं पाखरांना ठेवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या आजोबांची जमीन या धरणात गेली, त्यांनी संपादनाचा निवाडा, जुना सातबारा आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला जपून ठेवावा. पहिला मान त्या कागदांवरच मिळतो आणि अर्ज पाणी ओसरायच्या आधीच जलसंपदा खात्याच्या कार्यालयात पोचलेला बरा.