इंजिन अडले? आधी डिझेलची वाट तपासा!



पौषाचे दिवस होते. ढाणकीजवळच्या एका शेतात गहू ओंबीवर आला होता. अशा वेळी पाण्याचा ताण पडला तर दाणा बारीक राहतो, हे तुम्हांस सांगायला नको. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून नाल्यावर जुने ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन लावलेले होते. इंजिन अर्धा-पाऊण तास झकास चाले, मग गुरगुरून बंद पडे. पुन्हा हँडल मारावे, पुन्हा चालावे, पुन्हा तेच. एका मेस्त्रीने नोझल बदलले. दुसऱ्याने पंप तालुक्याला नेऊन दुरुस्त करून आणला. खिशातले पैसे गेले, गहू मात्र तहानलेलाच.

मी गेलो आणि मीही आधी नोझलच खोलायला निघालो. तेवढ्यात घरची बाई बांधावरून म्हणाली, “साहेब, टाकीचं झाकण उघडलं का चालते, लावलं का जराशानं बंद पडते.” झाकण हाती घेऊन पाहिले. त्यावरचे हवेचे बारीक छिद्र कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकले होते! टाकीतून डिझेल खाली जाई, पण त्याच्या जागी वरून हवा येईना. टाकीत पोकळी झाली की डिझेल अडे. झाकण उघडून पाहिले की हवा शिरे आणि इंजिन चाले. तारेच्या टोकाने छिद्र मोकळे केले आणि संध्याकाळपर्यंत पाणी सुरू राहिले. तो धडा मी विसरलो नाही.

मोटरपंप आले, आता सौरपंपही आले. तरी अडीनडीला जुने इंजिन अजून कामी येते. ते डिझेलवाचून अडत आहे असे वाटले, तर खर्चाच्या भागाला हात लावू नका. टाकीपासून सुरुवात करा आणि डिझेल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने खाली या.

१. टाकी : डिझेल आहे ना? कॉक उघडा आहे ना? झाकणाचे छिद्र मोकळे आहे ना? टाकीच्या तळाशी पाणी व गाळ बसतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते खाली राहते. बाटलीत थोडे तळाचे डिझेल काढून उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून स्वच्छ करा.

२. नळी व फिल्टर : फिल्टरकडे येणारी नळी सैल करून खाली भांडे धरा. टाकी वर असलेल्या इंजिनात धार सलग पडली पाहिजे. धार बारीक असेल तर कॉक, जाळी किंवा नळी चोंदली आहे. इथे धार चांगली पण फिल्टरच्या पुढे बारीक, तर दोष फिल्टरचा. कागदी फिल्टर धुऊन वापरू नका, बदला.

३. हवा : डिझेल संपून इंजिन बंद पडले किंवा फिल्टर बदलला की वाटेत हवा अडकते. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करा. फेस व बुडबुडे थांबून नितळ डिझेल आले की घट्ट करा. मग पंपाच्या स्क्रूवर तसेच करा. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीचे नट थोडे सैल करून, डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल फिरवा. डिझेल आले की नट आवळा. जोडावरचे तांब्याचे वायसर जुने, चेपलेले असतील तर नवे घाला.

४. नोझल व पंप : आता हँडल सावकाश फिरवताना नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज येतो का, ऐका. येत असेल तर बहुधा डिझेल पोचते आहे. येत नसेल तर पंप किंवा नोझल बिघडले असावे. हे काम पंप दुरुस्तीच्या दुकानाचे. पंपाचा दट्ट्या नळीत इतका चपखल बसतो की मधली फट केसापेक्षाही कितीतरी बारीक असते. शेतात पंप खोलला, त्यात धूळ गेली, की दट्ट्या घासून पंप निकामी होतो.

धूरही बोलतो. हँडल मारताना धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पेटत नाही, तर डिझेल पोचते, जळत नाही. काळा धूर निघाला तर आधी हवेचा फिल्टर पाहा.

एक गोष्ट जिवाची आहे. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका. तो फवारा सुईसारखा कातडीत शिरतो. वरून जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र हात सडू शकतो. असे झाले तर दुखत नसले तरी ताबडतोब दवाखाना गाठा. डिझेलला हात लावताना विडी-काडी दूर ठेवा.

आणि बिघाड होऊच नये म्हणून? कॅनमधले डिझेल रात्रभर स्थिर ठेवा, बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता, तळाचे दोन बोटे सोडा. रॉकेल मिसळू नका. डिझेलचे वंगण कमी होऊन पंप झिजतो. संध्याकाळी काम झाले की टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी साचते. महिन्यातून एकदा झाकणाच्या छिद्रात तार घाला.

इंजिन कधी बंद पडते, त्याआधी आवाज कसा बदलतो, काय केल्यावर चालते, हे शेतात रोज उभे राहणाऱ्यालाच दिसते. मेस्त्री बोलवायचा तर खुशाल बोलवा, पण आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. आमच्या त्या शेतात उत्तर बांधावरच उभे होते.