अरबी समुद्राचं पाणी, बंगालचा उपसागर

सहावी-सातवीच्या पुस्तकातलं जलचक्राचं चित्र गोल असतं: समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी आणि परत तोच समुद्र. संगमनेरच्या मुलांना मात्र हे चित्र फसवतं. तिथल्या प्रवरा नदीचं पाणी येतं अरबी समुद्रावरून आणि जातं बंगालच्या उपसागरात!

पावसाळी वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि रतनगड-घाटघर परिसरात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस ओततात. घाट ओलांडून खाली उतरताना तीच हवा तापते, ढग विरतात. म्हणून संगमनेरच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरही मुश्किलीने येतो. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात अडते, मग निळवंडे, संगमनेर करत प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. तिथून पुढे थेट आंध्रचा किनारा.

नदीतून वाहून न गेलेलं बाकी पाणी कुठे जातं? शाळेतल्या कडुनिंबाच्या उन्हातल्या फांदीवर प्रार्थनेच्या वेळी पारदर्शक पिशवी घट्ट बांधा. मधल्या सुट्टीपर्यंत ती आतून धुरकट होते, तळाशी थेंब जमतात. पानांनी सोडलेलं हे पाणी पुस्तकात एका बाणावर उरकलेलं असतं. ऊस-डाळिंबाच्या या तालुक्यात तो बाण जाड काढायला हवा.

गुरुजी, बाई, फळ्यावर गोल काढण्याआधी एकदा महाराष्ट्राचा नकाशा टांगा आणि मुलांना प्रवरेवरून बोट फिरवू द्या.