नवे स्पीकर, पोकळ आवाज

आमच्या वस्तीतले एक गृहस्थ टूरिस्ट गाडी चालवतात. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची. हप्ते अजून चालू आहेत. पुढच्या दारांतले स्पीकर फाटून फरफरू लागले, गिऱ्हाईक नाक मुरडू लागले, म्हणून त्यांनी नवी जोडी बसवून घेतली. बावीसशे रुपये मोजले. पण घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता. आवाज मोठा, पण पोकळ. ढोलकीची थाप गायब, आणि गाणारा नक्की कुठे बसून गातो आहे तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "स्पीकर भारी आहेत, तुमचा टेप त्यांना पुरत नाही. ॲम्प्लिफायर घ्या." म्हणजे आणखी साडेचार हजार! गृहस्थांचा तोल सुटला. स्पीकर बसवणाऱ्या पोराला त्यांनी चार लोकांत नको ते सुनावले. पोर मान खाली घालून उभे राहिले. दुकानदाराने त्याचा त्या दिवसाचा रोज कापला.

घरात लेकीच्या परीक्षेच्या फीचे पैसे डब्यात होते. गृहस्थांचा हात त्या डब्याकडे गेला. लेक आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड शिकते. ती म्हणाली, "पप्पा, पैसे देण्याआधी मला रविवारचा एक तास द्या."

त्या रविवारी आम्हीही गाडीपाशी उभे होतो. जे पाहिले ते गाडीवर पोट असलेल्या आमच्या वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

आधी कान, मग पाना

पोरीने पान्याला हात लावला नाही. टेप लावला आणि आवाज पूर्ण डावीकडे वळवला. ढोलकी ऐकू आली! पूर्ण उजवीकडे वळवला. तिकडेही ढोलकी आली. मधोमध आणला, की ढोलकी गडप. ती म्हणाली, "पप्पा, स्पीकर चांगले आहेत. दोघांचे आपसांत जुळत नाही."

त्याचे कारण असे. स्पीकरचा पडदा पुढेमागे हलून हवा ढकलतो. दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे आले तर जोर दुप्पट होतो. एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट लागल्या, तर एक हवा ढकलतो आणि त्याच वेळी दुसरा ओढतो. खालचे, भारदस्त स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे कर्कश तेवढे उरतात. अशा गाडीत ॲम्प्लिफायर लावला असता तर हीच चूक मोठ्याने ऐकू आली असती.

मग दारांची पॅड उघडली. टेपमागचा स्पीकरच्या वायरींचा जोड सोडला. दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घेऊन एकेका स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवला. सेलचे प्लस टोक प्लसच्या वायरीला लागले की पडदा बाहेर आला पाहिजे. उजवा बाहेर आला. डावा आत गेला!

डाव्या दाराजवळ जुन्या चिकटपट्टीखाली एक जोड सापडला. आधीच्या मालकाच्या कारागिराने तिथे वायरी उलटल्या होत्या, आणि स्पीकरवरही उलट्याच लावून हिशेब जुळवला होता. दुकानातल्या पोराने रंग पाहून स्पीकरवर बरोबर लावल्या, म्हणून आवाज बिघडला. जोड नीट केला आणि ढोलकी परत आली.

आणखी काय पाहावे

स्पीकरला दोन पट्ट्या असतात. बहुधा रुंद पट्टी प्लस, अरुंद मायनस. बाजारातल्या बहुतेक टेपांना पुढच्या डाव्या स्पीकरची वायर पांढरी आणि उजव्याची करडी असते. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती मायनस.

स्पीकर आणि दाराचा पत्रा यांत फट राहिली तर पडद्यामागची हवा पुढे येते आणि थाप मरते. कडेने फोमची पट्टी लावावी. दारातला प्लॅस्टिकचा कागद फाडून टाकू नये. पावसाचे पाणी तोच अडवतो.

काच पूर्ण खाली करून पाहावी. ती मागच्या लोहचुंबकाला अडते का? एखादी वायर पडद्याला घासते का? खरखर बहुधा अशीच येते.

स्पीकरच्या वायरी सोडून मल्टिमीटर लावला, तर 4 ओहमचा स्पीकर साधारण 3 ते 4 दाखवतो. शून्याजवळ आकडा आला तर आत शॉर्ट. आकडाच आला नाही तर तार तुटलेली. मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला कधीही जोडू नये. टेप जळू शकतो.

दुकानदाराचे म्हणणे कधी कधी खरेही असते. खोक्यावरचे मोठे वॅट स्पीकर किती सोसेल एवढेच सांगतात. डेसिबलचा आकडा पाहावा. तो 3 ने कमी असेल, तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट ताकद लागते. पण हा विचार सर्वांत शेवटी.

फीचे पैसे डब्यातच राहिले. संध्याकाळी गृहस्थ म्हणाले, "चला, जरा दुकानापर्यंत जाऊन येऊ." ज्या चार लोकांत बोलले होते, त्याच चार लोकांत त्यांनी त्या पोराला सांगितले, "बाळा, तुझी चूक नव्हती. मी तपासायच्या आधी बोललो." कापलेला रोज स्वतःच्या खिशातून त्याच्या हातावर ठेवला. पोराने पैसे घेतले आणि विचारले, "काका, सेल कुठे लावला होता, ते मला दाखवाल का?"

गृहस्थांनी लेकीला पुढे केले.