चालवून बघितलं, तरी कळेलच असं नाही

‘प्रोग्रॅम थांबतो का, ते चालवून बघा’ हा सल्ला अर्धाच उपयोगी. थांबला तर प्रश्न मिटला. चालूच राहिला तर वाट किती बघायची? तीच स्थिती जशीच्या तशी पुन्हा आली, तर तो फेऱ्यात अडकला हे नक्की. पण मेमरी अमर्याद असेल, तर स्थिती पुन्हा न येताही तो कायम चालू शकतो. प्रत्येक प्रोग्रॅमचा अचूक निकाल देणारी एकच पद्धत असूच शकत नाही. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६च्या निबंधाने ही वाट बंद केली.

साध्या नियमातही हीच अडचण येते. २७ घ्या. सम संख्या निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. आकडा ९,२३२ पर्यंत चढतो आणि १११ पायऱ्यांनी १ वर येतो. प्रत्येक धन पूर्ण संख्या अशीच १ वर उतरते का, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

पण म्हणून हात टेकायचं कारण नाही; ठरावीक आकाराच्या यंत्रांचा निकाल लागू शकतो. पाच अवस्था, दोन चिन्हं आणि कोरी पट्टी असलेलं एक ट्युरिंग यंत्र (पट्टीवर चिन्हं वाचत-लिहीत चालणारा संगणकाचा साधा नमुना) ४,७१,७६,८७० पायऱ्यांनी थांबतं. ते १९८९ मध्येच सापडलं होतं. त्याहून जास्त चालून थांबणारं तेवढ्याच अवस्था आणि चिन्हांचं दुसरं यंत्र नाही, याची संगणकाने तपासलेली सिद्धता २०२४ मध्ये आली.