गुलबाक्षी उमलतांना



फुलांनीं बहरलेली कुंडी विकत आणण्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु तसें करणारा मनुष्य नाटकाच्या शेवटच्या अंकाला येऊन बसतो, असें माझ्या शिक्षकी स्वभावाला वाटतें. आधींचे अंक ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनीं गुलबाक्षी लावावी. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील. पण आपल्या परसांत इतकी रुळली कीं, एका रंगालाच तिचें नांव मिळालें.

तिचें बीं मिऱ्यासारखें काळें व सुरकुतलेलें असतें. (तें विषारी आहे, मुलांच्या तोंडांत जाऊं देऊं नये.) मृगाच्या सरींनंतर तें पेरभर खोल दाबावें. पंधरवड्याच्या आंत दोन रुंद दलें माती सारून वर येतात. पुढें फुगीर पेऱ्यांवर समोरासमोर पानांच्या जोड्या फुटतात, आणि श्रावणाच्या सुमारास कळ्या दिसूं लागतात.

मग दुपार कलल्यावर झाडाजवळ बसावें. मिटलेल्या छत्रीसारखी कळी सैल होते आणि लांब नळीचें फूल उघडतें. त्याचा रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत, तो निदलपुंज होय. खालचा हिरवा पेला छदांचा असतो. रात्रीं सुगंधाच्या ओढीनें लांब सोंडेचे पतंग येतात. ते न आल्यास फूल मिटतांना केसर व कुक्षिवृंत एकत्र वळतात आणि स्वतःचाच पराग कुक्षीला लागतो. पाहुणा आला नाहीं म्हणून झाड निपुत्रिक राहत नाहीं!

बारकाईनें पाहणाऱ्यांत जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांची गणना केली पाहिजे. हिरव्या-पांढऱ्या पानांच्या गुलबाक्षीवरील त्यांचे प्रयोग १९०९ सालीं प्रसिद्ध झाले. पराग कोणत्याही फांदीवरचा असो, हिरव्या फांदीच्या बियांतून हिरवीं रोपें येत आणि पांढऱ्या फांदीच्या बियांतून पांढरीं. पानांचा हा वर्ण मातेकडूनच उतरतो. तीं पांढरीं रोपें बिचारीं हरितद्रव्याअभावीं जगत नाहींत.

गुलबाक्षी उमलण्याची वेळ शाळा सुटण्याचीच. सारा जन्म त्या घंटेच्या तालावर काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर ही घटका फार रिकामी भासते. माझी दृष्टि अधू झाली आहे, बारीक अक्षर आतां लागत नाहीं; कळी मात्र अजून दिसते.

झाड वाळलें म्हणून उपटूं नये. खालीं त्याचें जाड, गांठाळ मूळ जिवंत असतें. पुढच्या पावसांत त्याच जागीं कोंब शोधावा.